कपाळावरचा हात

मावशीच्या पित्ताशयातले खडे दुर्बिणीनं काढायचं ठरलं, तेव्हा तिनं एकच अट घातली. भूल मी द्यायची नाही.

"दुसरं कुणीही देऊ दे," ती म्हणाली. "तू नको."

मी भूलतज्ज्ञ आहे. अर्ध्या शहराला मी झोपवलंय आणि, मुख्य म्हणजे, उठवलंयही. पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगीच नाही. मी जरा फुरंगटले, मग गप्प बसले, कारण नियमही तिच्याच बाजूनं होता. आपल्या माणसाला आपण भूल देऊ नये. डोकं ठिकाणावर राहत नाही.

आणि मावशीइतकं आपलं मला दुसरं कोण होतं? 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण माझ्या बाबतीत शब्दशः खरी झाली. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं, तेही डाव्या पायानं लंगडत. वात आहे, असं सगळे म्हणायचे. मी लहानपणी कुंपणाच्या भिंतीवरून पडून पाय मोडून घेतला, साधारण त्याच सुमारास तिचा हा पाय धरला. "एका घरात दोन लंगड्या," शेजारीण चिडवायची. माझा पाय बरा झाला, तिचा राहिला तो राहिलाच. गंमत म्हणजे तेव्हा मला काही दुखल्याचं आठवतच नाही. आठवतो तो उशाशी बसलेल्या मावशीचा हात.

तर भूल माझा सहकारी देणार होता. पण ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तोच तापानं फणफणला. इकडे मावशीलाही ताप चढत होता, पोटाला हात लावू देत नव्हती. सर्जन म्हणाला, "थांबलो तर आत फुटेल. तूच उभी राहा. दुसरं कोण आहे?"

टेबलावर घेतल्यावर मावशीनं माझं मनगट धरलं. "बरं, दे तूच. पण माझ्या डोक्याला हात लावायचा नाही. कबूल?"

केस विस्कटतील म्हणून म्हणत असेल, असं मला वाटलं. या वयातही तिला भांग सरळ लागतो. "कबूल," म्हणाले आणि औषध सोडलं. ती झोपली. मी घशात नळी घातली, मशीननं तिचा श्वास हाती घेतला.

या ऑपरेशनात पोट फुगवतात. बेंबीपाशी छोटं छिद्र पाडून कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे आत कॅमेऱ्याला जागा होते. सर्जनची सोय होते, पण शरीराला ते मुळीच आवडत नाही. नाडी एकदम मंदावते नाहीतर पळायला लागते. रक्तदाब चढतो. छातीवर खालून दाब येतो, आणि भरलेला वायू रक्तात मुरून हळूहळू श्वासातून बाहेर दिसायला लागतो. माझं काम हे सगळं बघत बसण्याचं. सर्जन पडद्यावर पोट बघतो, मी माझ्या पडद्यावर माणूस बघते.

एकदा कॅमेरा आत गेला की खोलीतले दिवे मालवतात. बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत निळसर अंधार. त्या अंधारात माझी एक जुनी खोड आहे. मी उशाशी स्टुलावर बसते, डावा हात पेशंटच्या कपाळावर ठेवते आणि एक बोट कानापुढच्या नाडीवर. मॉनिटर बिघडतो, बोट बिघडत नाही. कबूल केलेलं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. हात आपोआप गेला.

"गॅस चालू," सर्जन म्हणाला.

पोट हळूहळू वर आलं. मी आकड्यांकडे बघितलं. नाडी बहात्तर. दाब एकशे वीस-ऐंशी. श्वासातला कार्बन डायऑक्साइड पस्तीस. वायू पूर्ण भरला तरी तेच. टेबल तिरकं करून डोकं वर, पाय खाली केले, तरी तेच.

आमच्या धंद्यात सगळं फार छान चाललंय म्हणजे काहीतरी निसटलंय असं समजावं. मी टेक्निशियनला मावशीच्या बोटावरचा नाडी मोजणारा चिमटा बदलायला लावला. तेच आकडे.

"तुझ्या मावशीचं काळीज दगडाचं आहे का गं?" सर्जन हसला.

"तू पित्ताशय काढ. काळजाला हात लावू नकोस," मी म्हणाले.

पण मला बरं वाटत नव्हतं. माझंच पोट टम्म झालं होतं, गाउनची नाडी रुतत होती. श्वास वरच्यावर अडकत होता. मी ताठ बसले होते, तरी सगळं रक्त पायांत उतरल्यासारखं डोकं हलकं झालं. सकाळी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, त्याचंच असणार, म्हटलं.

मावशीच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा नीट करायला मी दोन्ही हात लावले आणि मॉनिटर किंचाळला. नाडी एकशे दहा. दाब एकशे साठ. श्वासातला आकडा भराभर चढला. म्हणजे जसं व्हायला हवं होतं तसंच, फक्त सगळं एकदम. माझं पोट मात्र मोकळं झालं होतं.

हात सवयीनं परत कपाळावर गेला. बहात्तर. एकशे वीस-ऐंशी. गाउनची नाडी रुतली.

मी हात उचलला. एकशे बारा. हात ठेवला. बहात्तर.

"मॅडम, मशीन बदलू का?" टेक्निशियननं विचारलं. मी मान हलवली. मशीनमध्ये काही नव्हतं. मला भीती वाटली, अगदी लहान मुलाला अंधाराची वाटते तशी. हात काढून मांडीवर ठेवावा आणि चढलेले आकडे औषधांनी खाली आणावेत, तेच माझं रोजचं काम. मी तसं ठरवलंही.

तेवढ्यात सर्जन म्हणाला, "अरे..."

त्याच्या पडद्यावर सगळं लाल झालं. सुजलेल्या भागात रक्तवाहिनी सुटली होती.

"दाब सांग!"

माझा हात अजून कपाळावर होता. "एकशे वीस-ऐंशी."

"एवढं जातंय आणि एकशे वीस?"

"रक्त मागवा," मी सिस्टरला सांगितलं. माझाच आवाज मला लांबून आला. बोटं बर्फ झाली होती. ओठांवर घाम आला. टेक्निशियननं तिची सलाइन जोरात सोडली.

मी एकदा हात उचलून बघितला. बघायलाच हवं होतं.

दाब पन्नासवर आला. नाडीचा आवाज खोल गेला, मग तुटक झाला.

"गेली, गेली!" टेक्निशियन ओरडला.

मी हात ठेवला. एकशे वीस.

मग मी उचलला नाही.

पडद्याच्या कडा काळ्या पडत गेल्या. मी गुडघे टेबलाच्या दांड्याला टेकवले, म्हणजे पडले तरी हात सुटायला नको. माझी भुंगा डोळ्यांपुढे आली. माझी लेक. सारखी गुणगुणत घरभर फिरते म्हणून भुंगा. शाळा सुटल्यावर ती घरी येऊन माझी वाट बघणार होती.

"क्लिप," सर्जन म्हणाला. "अजून एक. दे लवकर."

मला आकडे दिसेनात.

"थांबलं," तो म्हणाला.

रक्ताच्या पिशव्या लागल्या. शेवटी वायू सोडला तेव्हा माझं पोट सैल झालं आणि घशातून एक लांब श्वास आपोआप बाहेर पडला. मी भीत भीत हात काढला. आकडे टिकले. दिवे लागले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. सिस्टरनं मला खुर्चीत बसवून साखरेचं पाणी पाजलं. "आपलं माणूस असलं की असंच होतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मावशी उशीला टेकून बसली होती, ताजीतवानी. पोटात उरलेला वायू छातीच्या पडद्याला टोचतो, म्हणून या ऑपरेशननंतर उजवा खांदा ठणकतो. प्रत्येक पेशंटला मी हे आधीच सांगून ठेवते.

"खांदा दुखतोय का?"

"मला काही नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. मी डाव्या हातानं माझा उजवा खांदा दाबून धरला होता. रात्रभर त्यानं डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता.

"ठेवलास ना हात?" तिनं विचारलं.

मी खांद्यावरचा हात खाली घेतला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सांगितलं होतं मी तुला." पांघरुणाखाली तिचा हात डाव्या पायावर गेला आणि गुडघा चोळत राहिला. "घेतलेलं परत देता येत नाही, पोरी. बरं होईपर्यंत भुंग्याला लांब ठेव. तिलाही जीव लावायची सवय आहे."

"मावशी, भूल पूर्ण उतरायची आहे तुझी," मी म्हणाले. हे वाक्य मी रोज कुणाला ना कुणाला म्हणत असते. त्या दिवशी ते म्हणून मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

घरी आले ते ठणका घेऊनच. दुपारी गोळी घेऊन पडले. भुंगा शाळेतून आली, दप्तर टाकल्याचा आवाज आला, गुणगुण जवळ आली आणि थांबली.

"आई, बरं नाही का?"

"खांदा धरलाय जरा. जा, खेळ तू."

ती गेली नाही. उशाशी बसल्याचं कळलं. तिला काहीतरी सांगायचं होतं, फार महत्त्वाचं. जिभेवर होतं, पण गोळीनं डोळे उघडेनात. मग कपाळावर काहीतरी छोटं, गार टेकलं आणि ठणका थांबला. एकदम थांबला. कालपासून पहिल्यांदा मला झोप लागली.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. खोलीत गुणगुण नव्हती. एरवी क्षणभर एका जागी न टिकणारी पोर तशीच बसली होती, हात माझ्या कपाळावर.

"हात काढ, राणी," मी म्हणाले.

"नको. तुला परत दुखेल," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा उजवा खांदा चोळत राहिली.