कागदी कोनांची जोडी

मिस्त्री घरी स्पीकर बनवणार हे ऐकून त्यांचा मेहुणा पोट धरून हसला. कपाटं नि पलंग करण्यात उभा जन्म गेलेला माणूस, त्याला विजेच्या तारेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मिस्त्रींनी एकदा मनावर घेतलं की संपलं.

कारणही तसंच होतं. रविवारी दुपारी जेवणं उरकली की पडदे ओढायचे आणि नवराबायकोनं शेजारी-शेजारी बसून जुना सिनेमा बघायचा, हा त्या घरातला तीस वर्षांचा नेम. आठ महिन्यांपूर्वी बायकोची नजर गेली. काही रविवार ती नुसती बसली. मग एक दिवस म्हणाली, "तुम्ही बघा, मी आत पडते." तेव्हापासून ती आतच. हळूहळू बोलणंही आटलं, विचारलं तेवढ्याला उत्तर. मिस्त्रींना घर खायला उठायचं. एक दिवस ही हाकेलाही ओ देणार नाही, या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती. दिसत नाही तर निदान सिनेमातलं बोलणं तरी तिला समोर घडल्यासारखं ऐकू यावं, आणि ती त्या खुर्चीत परत यावी, बस्स.

मेहुणा हसून झाल्यावर कामाचं बोलला. नेहमीच्या खोक्यात जाड आवाज एका स्पीकरकडे, बारीक दुसऱ्याकडे, अशी वाटणी असते. तुम्ही फुल-रेंज घ्या, त्यात एकच कोन, म्हणजे स्पीकरचा तो हलणारा शंकू, सगळं वाजवतो, त्यामुळे माणसाचं बोलणं एकाच जागेवरून अख्खं येतं. "फक्त निवडताना डोकं लावा, भावोजी. दिसायला सगळेच छान असतात."

मिस्त्रींनी डोकं नाही, फोन लावला. फोनमध्ये दोन वर्षांपूर्वीचं एक रेकॉर्डिंग होतं, चुकून झालेलं. घरभर लाकडाचा भुसा आणल्याबद्दल बायको त्यांना झाडत होती. जिथे जातील तिथे ते हेच वाजवायला लावायचे. पहिली जोडी मोठी, आठ इंची. त्यातून बायको विहिरीतून बोलल्यासारखी वाटली. दुसरी चकचकीत, धातूच्या कोनाची. त्यात तिचा प्रत्येक 'स' सुईसारखा टोचला.

तिसरी जोडी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी होती. बाईंना दिसत नव्हतं. भिंत चाचपत त्यांनी माळ्यावरच्या खोलीचं दार उघडलं. आत जुन्या कागदाचा, गरम धुळीचा वास कोंडलेला. टेबलावर चार इंची कागदी कोनांचे दोन स्पीकर, खोक्याविना, उघडेच.

बाई म्हणाल्या, "आमचे हे सिनेमाघरात मशीन चालवायचे. माझे डोळे गेल्यावर रोज शेजारी बसून पडद्यावर काय चाललंय ते कानात सांगायचे. ही जोडी माझ्यासाठीच आणली... खोकी करायची राहिली."

मिस्त्रींनी रेकॉर्डिंग लावलं. पहिल्याच वाक्याला त्यांनी दचकून पायातल्या चपला काढल्या आणि दाराबाहेर ठेवल्या. निवड झाली.

स्पीकर उचलताना बोट कोनाला लागलं. कोन किंचित आत गेला, बाहेर आला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. झोपलेल्या माणसाचं पोट हलावं तसा. वायर तर मघाशीच काढली होती... मिस्त्रींनी हात मागे घेतला आणि बाईंकडे पाहिलं. बाई हसत होत्या.

"न्या," त्या म्हणाल्या. "पण समोर कोणीतरी बसत जा."

खोकी अशी झाली की मेहुण्याचंही हसू थांबलं. पण शेवटी सुतार तो सुतारच. कपाटाची पाठ चिकटवावी तशी दोन्ही खोक्यांची पाठ त्यांनी सरस लावून कायमची बंद केली, आणि आतून आलेल्या तारांतली अधिक कोणती, उणे कोणती याची खूण करायला विसरले. शनिवारी संध्याकाळी जोडून बघितलं तर सिनेमातली माणसं पडद्यावर ओठ हलवत होती आणि बोलत होती मिस्त्रींच्या मानेमागून. अंगावर सर्रकन काटा आला. मागे वळून पाहिलं, मागे भिंत. मेहुणा फोनवर म्हणाला, एका खोक्याच्या तारा उलट्या लागल्यात, अदलाबदल करा. केली. आवाज मुकाट्यानं पुढे आला. मिस्त्री स्वतःशीच हसले, पण जरा उशिरा.

रविवारी त्यांनी बायकोला हाताला धरून आणलं. एकच सिनेमा, तोही अर्धाच बघ, अशी गयावया केली. ती बसली, तोंड फिरवून. सिनेमा सुरू झाला आणि तिची मान हळूच सरळ झाली. पुढे एक प्रसंग आला, त्यात कोणी बोलत नाही. नायक उलटा सदरा घालून आरशासमोर ऐटीत उभा राहतो, एवढंच. संगीतसुद्धा नाही.

बायको खुदकन हसली.

मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिले. पुढचा मुका प्रसंग आला, तिथेही ती बरोबर जागेवर हसली, थेट डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आठ महिन्यांनी ते हसू घरात वाजलं होतं.

"तुला आठवतोय हा सिनेमा?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. हा सांगतोय ना... दोन खोक्यांच्या मधून. किती हळू बोलतो बिचारा. पण सगळं दिसतं."

मिस्त्रींना काहीच ऐकू येत नव्हतं. दोन खोक्यांच्या मध्ये रिकामी भिंत होती. खोलीत जुन्या कागदाचा, गरम धुळीचा वास आला. पुन्हा तारांचा घोळ झालाय, दुसरं काय, असं मनाला बजावत ते उठले. सिनेमा थांबवला, ॲम्प्लिफायर बंद केला आणि चारही तारा उपटून हातात धरल्या. खोली गप्प झाली.

"आता?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

ती मान थोडी कलती करून ऐकत बसली. चेहऱ्यावर तेच जुनं कुतूहल, तीस वर्षांचं. ते बघून मिस्त्रींचा बांध फुटला. तोंडातून हुंदका फुटू नये म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि जागच्या जागी उभे राहिले. गालांवरून पाणी वाहत होतं, आवाज कसला नव्हता.

बायकोनं हात पुढे केला. अगदी नेमका, त्यांच्या ओल्या गालावर.

"अहो," ती म्हणाली, "तो म्हणतोय तुम्ही रडताय... आणि म्हणतोय, त्या तारा हातातच राहू द्या, त्याला लागत नाहीत."