कोरं अंडं

सून दिवा न लावता अंडी तपासते, हे मला मुळीच खपत नाही. तीस वर्षं मी ही हॅचरी चालवली. काळ्या पडद्यांच्या खोलीत बसून, पत्र्याच्या डब्यात बल्ब लावायचा आणि डब्याच्या भोकावर एकेक अंडं धरायचं. लाल शिरांचं जाळं दिसलं की ते उबवायला. आत नुसताच पिवळा उजेड असला की अंडं कोरं, त्यात जीवच धरला नाही, ते बाजूला. शाळा मी दुसरीत सोडली, पण या कामात माझा हात धरणारा अजून जन्मला नाही. आणि या बाईसाहेब अंधारात बसून ट्रे भरतात!

"डोळे काय घुबडाकडून उसने आणलेस?" मी विचारलं.

"दिसतं, आई," एवढंच बोलली.

तिचे तीन ट्रे मी दिव्यावर परत तपासले. एक तरी चूक सापडावी म्हणून जिवाचा आटापिटा केला. नाही सापडली.

मग एका दुपारी पडद्याआड गुपचूप उभी राहिले. दिवा बंद होता. तिच्या मुठीतलं अंडं आतून उजळत होतं, बोटांच्या फटींतून लालसर. खाली ठेवलं की विझायचं.

मी कोणाजवळ बोलले नाही.

त्याच आठवड्यात लेक राहायला आली. सातवा महिना. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर कुठे दिवस गेले होते. डॉक्टरीण म्हणाली, सगळं ठीक आहे. सारं घर तिच्याभोवती फिरायचं, पण सून तिच्याकडे बघायचीच नाही. समोरून आली की तोंड फिरवून निघून जायची.

"वहिनीला माझं सुख बघवत नाही," लेक रडली.

ते मला सोसवलं नाही. दोघींना त्या खोलीत नेलं, पडदे ओढले. लहानपणासारखे लेकीने अंधारात डोळे गच्च मिटले.

"ठेव हात," मी सुनेला म्हणाले. "काय ते कळू दे एकदाचं."

"नको, आई. पाया पडते."

मीच तिचा हात धरून लेकीच्या पोटावर दाबला.

पोट हळूहळू उजळलं. पिवळं. स्वच्छ. एक शीर नाही.

"आई, लाथ मारली! इथे बघ." लेकीने माझा तळवा ओढून घेतला.

लाथ बसली. चांगली जोरात.

उजेडात काहीच हललं नाही.

मी सुनेचा हात झटकला. लेकीला बाहेर धाडलं, दार लावलं.

"तुझी नजर चुकत नाही, मान्य," मी म्हणाले. "पण या घरात काय दिसायचं ते मी ठरवते. आपल्याला बाळ दिसलं. तुलाही आणि मलाही. नाक माझ्यावर गेलंय."