पाटलाच्या लेकीची ओवी

सणसरला कौसल्याच्या ओसरीवर सकाळी अकराला जातं मांडलं. हळद काय, दुकानात पाकिटातही मिळते. पण लग्नाची हळद घरच्या जात्यावरच दळायची आणि एकदा खुंटा धरला की दळण सरेपर्यंत नवरीच्या आईनं उठायचं नाही. असल्या रीतींची कौसल्याला भारी हौस.

नवरी, प्रगती, भावाच्या गाडीवर बसून मळ्यात गेली होती, विहिरीवरच्या साती आसरांची ओटी भरायला. अंगात पिवळा ड्रेस, पिवळी ओढणी. त्यांच्याच ट्रॅक्टरवरच्या गोकुळशी तिचं जुळलंय हे आठवड्यापूर्वी कळलं, तेव्हा कौसल्यानंच तिचा मोबाईल ऋषिराजच्या हातात दिला. भाऊ आहे, समजावेल. तीन दिवस झाले, गोकुळ कामावर नव्हता. पीडा टळली, म्हणून कौसल्यानं देवाला नारळ फोडला होता.

भिंतीला टेकून म्हातारी रंगूबाई ओवी सांगत होती, बायका मागून म्हणत होत्या. पाटलाची लेक घरच्या गड्यावर भुलली. भावानं दोघांना मारलं आणि घरी येऊन जेवायला मागितलं. लहानपणी कौसल्याला भावापेक्षा त्या आईचाच राग यायचा. मुकाट ताट वाढते, ही कसली आई?

आता बोरीला अडकलेल्या हिरव्या लुगड्याची ओळ यायची होती. बायका भलतंच म्हणाल्या:

"विहिरीच्या पंपाला, पिवळी ओढणी अडकली
पाटलाची लेक गं, पाण्यानं झाकली"

"आत्या, हिरवं लुगडं हाय ना तितं?"

"न्हाय गं. माझ्या आजीपासनं हेच हाय."

"आजीच्या काळात पंप कुठला?"

"कोण जाणं. ओवी हाय ती," रंगूबाई म्हणाली.

फोन लावावा तर प्रगतीचा मोबाईल ऋषिराजकडे. ती उठू लागली. खुंट्यावरचा हात सुटेना. जातं फिरत राहिलं.

"थांबवा गं," ती म्हणाली.

कुणी थांबलं नाही.

"बाह्या भिजल्या लेकाच्या, दारी उभा राही..."

अंगणात गाडी थांबली. जातंही थांबलं. हळद सरली होती.

ऋषिराज एकटाच दारात उभा होता. बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"आई, भूक लागली. वाढ."

प्रगती कुठाय, एवढंच विचारायचं होतं. तिनं तोंड उघडलं.

"ताट वाढी माय गं, पुसत काई न्हाई," तिच्याच गळ्यातून सुरात आलं.

बायकांनी माना डोलावल्या.

ऋषिराज जेवायला बसला. ताटाच्या कडेला कौसल्याची पिवळी बोटं उमटली होती.