देवगिरी शाखेचा दुसरा नाईक

“म्हणजे रविवारी एकाच मैदानावर दोन सैन्यं निघणार? आणि दोन्ही म्हणणार, आम्हीच देवगिरीचे?” ढालीला तेल लावता लावता बन्सी थांबला.

“दोन कसली, एकही निघणार नाही!” उमा म्हणाली. “शनिवारपर्यंत नाईक ठरला नाही तर शाखाच बंद. पुण्याहून तसं पत्र आलंय.”

“आन् आपलं बालपथक?” सांडूनं विचारलं.

बन्सीनं ढाल खाली ठेवली. उमा सातवीत आणि तिचा भाऊ बन्सी पाचवीत. सांडू हा त्यांचा मावसभाऊ. तो दिवाळीच्या सुट्टीला अजिंठ्याहून आला होता, तोही केवळ रविवारच्या लढाईच्या देखाव्यासाठी! कारण यंदा पहिल्यांदाच मुलांना भाले मिळणार होते.

भाले बांबूचे होते आणि टोकांना कापडाचे गोळे होते. पण म्हणून काय झालं? जुन्या लढायांचे देखावे करणाऱ्या यादवकाल मंडळाची माणसं अंगरखे घालून, ढाली घेऊन मैदानात उभी राहिली की उमाला सगळं खरंच वाटायचं. पहाटेचं धुकं लेण्यांच्या डोंगरावरून खाली उतरायचं. त्या धुक्यात बँकेतले हेमचंद्रकाका दिसेनासे व्हायचे, रिक्षावाला फकिरा दिसेनासा व्हायचा आणि त्यांच्या जागी सातशे वर्षांपूर्वीचे शिपाई उभे राहायचे. कधी कधी तर उमाला वाटायचं, मोजले तर चार-सहा जण जास्तच भरतील!

मंडळ पुण्याचं होतं. संभाजीनगरची शाखा मात्र जेमतेम दोन वर्षांची. शाखेच्या प्रमुखाला ‘नाईक’ म्हणायचे आणि पहिले नाईक होते वैजनाथ सर. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांनीच घरोघरी जाऊन पन्नास माणसं जमवली होती. आणि दसऱ्याच्या आठवड्यात त्यांनीच एका ओळीचं पत्र लिहून सगळं सोडून दिलं. ‘माझ्याच्यानं आता हे होणार नाही.’ बस, एवढंच!

काकासाहेब म्हणाले, “त्या हेमचंद्रानं नियम काढून काढून सरांना वैताग आणला!” काकासाहेबांची गंगापूरकडं शेती होती आणि आवाज तर असा की चार शेतं ओलांडून जावा. हेमचंद्रकाका म्हणाले, “काकासाहेबांच्या आरडाओरड्याला कंटाळून गेले सर.” मग निम्मं पथक सकाळी काकासाहेबांबरोबर सराव करू लागलं आणि निम्मं संध्याकाळी हेमचंद्रकाकांबरोबर. खुद्द सरांना जाऊन विचारावं, हे मात्र दोघांनाही सुचलं नाही!

“मला एक गोष्ट कळत नाही,” उमा हळूच म्हणाली. “सरांनी तलवार परत दिली, झेंडा दिला, फेटासुद्धा धुऊन दिला. मग नगाराच का नाही दिला?”

बन्सी आणि सांडू एकमेकांकडे बघत राहिले. खरंच की!

“चला विचारायला,” सांडू उठलाच. “आत्ताच!”

सरांचं घर मुकुंदवाडीला, स्टेशनापासून जवळच. फाटक उघडंच होतं. ओसरीत नगारा होता आणि त्याच्या शेजारी पाटावर सर बसले होते. डोळे मिटलेले, एक तळवा नगाऱ्याच्या कातड्यावर अलगद टेकलेला. दुपारचं ऊन त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडलं होतं. तेवढ्यात मागून आगगाडी धडधडत गेली आणि सर स्वतःशीच हसले.

“सर!” बन्सीनं हाक मारली.

सर हलले नाहीत.

“सर!!”

काहीच नाही! शेवटी उमा पुढं झाली. तिची सावली अंगावर पडली तेव्हा सरांनी दचकून डोळे उघडले.

“अरे, तुम्ही होय! या, या!”

“सर, आम्ही नगारा न्यायला आलोय,” बन्सी म्हणाला.

“पगार? अरे, निवृत्त माणसाला कुठला पगार!”

बन्सीला खुदकन हसू आलं. उमाला आलं नाही. सांडूनं बन्सीला कोपरानं ढोसलं आणि तो सरांच्या अगदी समोर जाऊन बसला.

“सर,” एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, “तुम्हाला ऐकू येत नाय, व्हय ना? माझ्या आजोबांचंबी असंच झालतं.”

सर त्याच्या ओठांकडं बघत होते. मग त्यांनी खिशातून कानाचं लहानसं यंत्र काढलं आणि लावलं.

“दीड वर्ष झालं,” ते म्हणाले. “हळूहळू कमी होत गेलं. घरात या यंत्रावर भागतं. मैदानात वारा आणि गलका असा एक होतो की काही म्हणता काही उमगत नाही. दसऱ्याआधीच्या सरावात फकिराचा पाय खड्ड्यात अडकला. बिचारा ‘थांबा, थांबा’ ओरडत होता आणि मी हसत हसत हात करत होतो, ‘चला पुढं!’ त्याच्या अंगावर पन्नास माणसं गेली असती. त्या रात्री ठरवलं, आता पुरे.”

“मग सगळ्यांना सांगितलं का नाहीत?” उमानं विचारलं.

“लाज वाटली गं.” सर खाली बघत म्हणाले. “इतकी वर्षं पोरांना सांगितलं, खरं बोला. आणि स्वतःच्या वेळी एक ओळ लिहून पळालो. नगाराही द्यायला हवा होता. पण जगातला हा एकच आवाज मला अजून नीट कळतो. कानाला नाही, तळव्याला.”

कुठंतरी कुणीतरी धप् धप् कपडे धोपटत होतं. उमाला एकदम काहीतरी आठवलं.

“पण सर, फकिराकाकांना काहीच लागलं नाही! पथक थांबलं होतं. तुम्ही तर ‘पुढं चला’ म्हणत होता. मग थांबवलं कुणी?”

“नगाऱ्यानं,” सर म्हणाले. “तीन टोले पडले आणि सगळे जागच्या जागी उभे राहिले. तसं तर वर्षभर तेच चाललं होतं. नगाऱ्याच्या चौकटीला माझा हात असायचा. नगारा वळ म्हणाला की मी तलवार वळवायचो. लोकांना वाटायचं, नाईक हुकूम देतायत!”

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. नगारा कोण वाजवायचं? प्रमोदिनीआत्या! उमाची सख्खी आत्या. एसटीच्या डेपोत खिडकीवर बसणारी, घरात चार शब्दांच्या वर न बोलणारी प्रमोदिनीआत्या!

“म्हणजे नाईक आधीच बदललाय!” बन्सी ओरडला. “आणि कुणाला पत्ताच नाही!”

“तिलासुद्धा नाही,” सर हसून म्हणाले.

“मग तुम्हीच सांगा ना सगळ्यांना!”

“मी नेमला तर तो माझा नाईक झाला रे. पथकानं स्वतः ओळखायला हवा.” मग ते गंभीर झाले. “आणि माझ्या कानांचं कुणाला सांगू नका.”

“नाही सांगणार,” उमा म्हणाली. “पण नगारा द्या. आणि शनिवारी सकाळी तुम्ही मैदानावर या. नुसते उभे राहा.”

शुक्रवारी तिघं दोन्हीकडं फिरले. आधी काकासाहेबांकडं. “काकासाहेब, दोन्ही गट एकत्र उभे करा. दोघंही हुकूम द्या. ज्याच्या हुकमानं पथक वळेल तो नाईक!”

“हात्तिच्या! एवढंच?” काकासाहेब गडगडले. “माझ्या आवाजापुढं त्या हेमचंद्राचा काय टिकाव लागतोय!”

मग हेमचंद्रकाकांकडं. त्यांनी चष्मा पुसला. “कल्पना नियमात बसते. माझे हुकूम सुटसुटीत असतात. लोक तेच ऐकतील.”

“आणि सोहळा म्हणून मागं नगारा वाजेल,” उमा साळसूदपणे म्हणाली. “नेहमीसारखा.”

“वाजू दे की!” दोघंही म्हणाले.

आत्याला तर एवढंच सांगितलं, “उद्या सराव आहे. तू नेहमीसारखं वाजव.” आत्या “बरं” म्हणाली. तिच्या मानानं तेही पुष्कळच होतं.

शनिवारची सकाळ उजाडली ती सगळी दुधात बुडवून काढल्यासारखी. डोंगर नव्हता, लेणी नव्हती, झाडंही नव्हती. पांढऱ्याशुभ्र धुक्यातून एकेक ढाल तरंगत आल्यासारखी येत होती. पन्नास माणसं दोन रांगांत समोरासमोर उभी राहिली. मधल्या मोकळ्या जागेत एका कडेला बालपथक. उमानं वळून पाहिलं. टेकाडावर, जिथून धुक्यातही मधली जागा दिसायची, प्रमोदिनीआत्या हातात टिपऱ्या घेऊन उभी होती. तिच्या शेजारी शाल गुंडाळलेले सर होते आणि त्यांचा हात नगाऱ्याच्या चौकटीवर होता.

नगारा घुमला. धुकंच बोलायला लागलंय असं वाटलं. दोन्ही रांगा चालू लागल्या.

“डाव्या अंगाला वळा रे!” काकासाहेबांची आरोळी उठली.

“पथक, उजवीकडे वळ!” हेमचंद्रकाका ओरडले.

नगाऱ्यावर दोन टोले पडले आणि दोन्ही रांगा सफाईनं वळल्या. डावीकडं नाही की उजवीकडं नाही. वर्षभर दोन टोल्यांवर जशा मागं वळायच्या, तशाच मागं!

“आरं तिकडं कुठं चाललाव?” काकासाहेब धावले. “फिरा माघारी! पळत या! पळत!”

“धावत पुढे या!” हेमचंद्रकाकांनीही हट्टानं आवाज चढवला.

दोघांचा हुकूम चुकून एकच झाला होता! दोन्ही रांगा फिरल्या आणि भाले रोखून एकमेकींच्या दिशेनं पळत सुटल्या. पंचवीस इकडून, पंचवीस तिकडून. धुक्यात कुणाला कुणी दिसत नव्हतं. इतक्यात बन्सीच्या हातून भाला सुटला आणि घरंगळत मध्ये गेला. तो उचलायला बन्सी धावला!

“बन्सी, मागं ये!” उमा किंचाळली. त्या पावलांच्या धडधडाटात तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. हे सगळं आपण जमवून आणलं! आपणच! सांडू बन्सीकडं झेपावला. दोन्हीकडून धुक्यातून भाल्यांची टोकं बाहेर आली आणि...

धडाम्! धडाम्! धडाम्!

पन्नास माणसं थांबली. उचललेला पाय तिथंच टेकला. बन्सी आणि सांडू एकमेकांना घट्ट धरून मध्ये बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर एका हाताच्या अंतरावर कापडी गोळे थरथरत होते.

टेकाडावर आत्यानं टिपऱ्या खाली टाकल्या आणि ती धावत आली. तिनं दोघांना उठवलं, चाचपून पाहिलं. मग ती काकासाहेबांकडं आणि हेमचंद्रकाकांकडं वळली. “समोर मुलं आहेत,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण दोघांच्या माना खाली गेल्या.

उमा रडत पुढं आली. “चूक माझी आहे. मीच ठरवलं होतं हे सगळं. पथक कुणाचं ऐकतं ते दाखवायचं होतं मला.”

“नाही, सुरुवात माझ्या चुकीनं झाली.” सर टेकाडावरून खाली आले होते आणि उमाच्या ओठांकडं बघत होते. मधोमध उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. कान, फकिराचा पाय, एका ओळीचं पत्र. एकही गोष्ट लपवली नाही. फकिराचे डोळे पाण्यानं भरले.

“क्या सर, इतनीसी बात!” तो म्हणाला. “आम्हाला सांगायचं तर खरं!”

“सर, मी विचारायला यायला पाहिजे होतं,” काकासाहेब पुटपुटले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं बोलणं जेमतेम शेजारच्याला ऐकू गेलं असेल! मग त्यांनी पन्नास माणसांवरून नजर फिरवली. “खरं सांगू का? मघाशी नगारा वाजला तेव्हा माझेबी पाय थांबले. मी सवता हुकूम दिला व्हता, तरी थांबले!”

“माझेही,” हेमचंद्रकाकांनी कबूल केलं.

सगळे प्रमोदिनीआत्याकडं बघायला लागले. ती एक पाऊल मागं सरकली.

“मी? नको. मला ओरडता येत नाही.”

“वरडायला मी हाय की!” काकासाहेब म्हणाले. “तुम्ही फकस्त सांगा, काय वरडायचं ते!”

हास्याचा असा फवारा उडाला की धुकंसुद्धा हललं. हसू ओसरल्यावर सरांनी उमाच्या डोक्यावर हात ठेवला.

“पोरांना मध्ये उभं करणं चूक होतं. ते पुन्हा करू नकोस. पण महिनाभर आम्ही मोठी माणसं एकमेकांपासून तोंड फिरवून बसलो होतो आणि तुम्ही तिघं माझ्या दारात आलात. नुसतं विचारायला आलात! शाबास, उमा. शाबास रे पोरांनो!”

काकासाहेबांनी तर सांडूला चक्क खांद्यावर घेतलं. “हा अजिंठ्याचा गडी आपल्या शाखेत पायजे! दर सुट्टीला यायचं, कळलं का?”

हेमचंद्रकाकांनी खिशातून कागद आणि पेन काढलं. पुण्याला उत्तर आजच जायला हवं होतं. ढालीवर कागद ठेवून ते म्हणाले, “हं, नव्या नाईकांचं पूर्ण नाव?”

आत्यानं नाव सांगितलं. तिच्या नेहमीच्याच हळू आवाजात.

“जरा मोठ्यानं?”

आत्यानं मान हलवली. “एवढ्याच आवाजात ऐका,” ती म्हणाली आणि पुन्हा तसंच हळू तिनं नाव सांगितलं.

पन्नास माणसं श्वास रोखून उभी होती. मागची पुढं झुकली, पुढच्यांनी कान टवकारले. अंगरख्याची सळसळसुद्धा थांबली. धुक्यातून सूर्य वर येत होता आणि सगळ्या चेहऱ्यांवर एकदम उजेड पडला होता. सरांना त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. पण त्यांनी त्या चेहऱ्यांकडं एकदा डोळे भरून पाहिलं आणि शाल सावरत ते शेवटच्या रांगेत, साध्या शिपायाच्या जागी, जाऊन उभे राहिले.