होसियत खालाची नान

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. नोरमुरोद माझ्या साडूचा मुलगा. त्याला साधी थापसुद्धा धड मारता येत नाही, म्हणून ही गोष्ट मी खरी धरतो.

गेल्या साली सतरा नोव्हेंबरची पहाट. सोमवार अजून उजाडायचा होता. तीन वाजून वीस मिनिटांनी नोरमुरोदनं आपली पांढरी डमास गाडी सुरू केली. दर सोमवारी तो गावातल्या कॅन्सरच्या माणसांना खिंडीपलीकडे समरकंदला नेतो, फुकट. आठच्या आत पोचलं नाही तर किरणांच्या शेकाचा नंबर जातो. त्या दिवशी मागे एकटी मुहय्यो होती, आमच्या शाळेतली मास्तरीण. तिचा शेक सहा आठवड्यांचा, आणि इस्पितळाशेजारच्या धर्मादाय निवासात एकच खाट रिकामी झालेली. मोहल्ल्याच्या कागदावर आजाराचं नाव आणि शिक्का असेल तरच ती मिळते.

कागद होता. त्यावर मोहल्ल्याचे रईस, म्हणजे प्रमुख, तुरसुनकुल यांनी लिहिलं होतं, 'अशक्तपणा'.

आणि हेच रईस गाडीत पुढच्या सीटवर. कोटाच्या खिशात शिक्का, मांडीवर भाच्याच्या लग्नाचा आहेर. फुकटची गाडी कोणाला नको असते?

आदल्या संध्याकाळी नोरमुरोदनं त्यांच्या दारात तासभर डोकं फोडलं होतं. रईस म्हणाले, आपल्यात त्या रोगाचं नाव कोणी घेतं का? हिची धाकटी बहीण लग्नाची आहे, कागद चार हातांतून फिरणार. मुहय्यो शेजारीच उभी होती.

"रईसकाका, आजार मला झालाय आणि मला तो ठाऊक आहे. लिहा."

रईसांनी तिला चहा घे म्हणून सांगितलं.

मला अजून संताप येतो. त्याच साली एप्रिलात साऱ्या गावाची मावशी, होसियत खाला, हिच्या कागदावर याच माणसानं 'पोटाची तक्रार' लिहिलं होतं. निवासातल्या बाईनं हात जोडले, पोटाच्या तक्रारीला खाट देता येत नाही म्हणाली. घरून निघताना खालानं रिवाजाप्रमाणे नानचा एक घास तोडला होता. उरलेली नान खिळ्याला टांगलेली. सहा आठवड्यांनी परत येऊन तिनंच ती संपवायची. खाला त्याच संध्याकाळी परत आली. मुलानं नान काढून पुढे केली, तर म्हणाली, "मी अजून गेलेच कुठं? शेक पुरे होऊ देत." मग अकरा दिवस, मिळेल त्या गाडीनं, रोज खिंड चढायची आणि रोज उतरायची. बाराव्या दिवशी तिच्यानं उठवेना. ऑगस्टमध्ये तिला माती दिली. नान खिळ्यालाच राहिली. टाकायची कुणी, आणि खायची तरी कुणी?

नोरमुरोदही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. काय झालंय रे मला, असं खालानं त्याला एकदा विचारलं होतं. अल्सर, तो म्हणाला. सगळेच तसं सांगतात. त्याला रईसांचा राग होता, पण त्याहून जास्त स्वतःचा होता.

कब्रस्तानाच्या वळणावर एक बाई हात करून उभी होती. हातात इस्पितळाची पिशवी. तशा माणसाला नोरमुरोद कधी सोडून जात नाही. तो थांबला. मागचं दार सरकलं. बंद झालं.

"कुठं जायचं, आई?"

गाडीत गारठा भरला. आणि वास... शिळ्या नानचा. आरशात रईसांच्या मागे डोक्याला बांधलेला पांढरा रुमाल दिसत होता. चेहरा दिसेना. मुहय्यो खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

खिंड लागली.

"नोरमुरोद, तू तरी खरं सांगायचंस."

आवाज ओळखीचा. त्याचे हात स्टिअरिंगवर आवळले गेले.

"रईस, माझ्या कागदावर काय लिहिलं होतंत?"

रईस समोर बघत राहिले. आहेरावरचा कागद नुसता चुरगळत होते.

"वाचून दाखवा ना."

"कॅन्सर होता, खाला," नोरमुरोद म्हणाला. "मी खोटं बोललो."

मागे कुणीतरी लांब श्वास सोडला.

नोरमुरोदनं गाडी कडेला घेतली. आतला दिवा लावला. डॅशबोर्डवर ठेवलेला मुहय्योचा कागद उलटा करून रईसांच्या मांडीवर आपटला.

"लिहा. नाहीतर मी उतरतो आणि पोरीलाही उतरवतो. मग तुम्ही नि खाला बसा बोलत."

रईसांनी लिहिलं. आजाराचं नाव, सगळं. अक्षर वेडंवाकडं. शिक्का दोनदा घसरला. तिसऱ्यांदा बसला.

मागे वळून मात्र दोघांतल्या एकानंही पाहिलं नाही.

सात वाजता समरकंद आलं. मागे मुहय्यो एकटीच. वाटेत कुणी चढलं नाही, ती म्हणाली. तिला खाट मिळाली. नव्या वर्षात घरी आली आणि आपली नान तिनं स्वतःच्या हातानं खिळ्यावरून काढून संपवली. रईस हल्ली आजाराचं नाव ठळक लिहितात. लग्नाला मात्र टॅक्सीनं जातात.

त्या सकाळी नोरमुरोदनं मागची सीट झाडली, तेव्हा रईसांच्या मागच्या जागेवर एक नान होती. परतल्यावर मला त्यानं ती दाखवली, मी बोट लावून पाहिलं. दगडासारखी वाळलेली. एका बाजूला एप्रिलातला घास तोडलेला, तीही कड दगडच.

त्याच्या शेजारी दुसरा घास तोडलेला होता. ती कड मऊ होती... आणि कोमट.