आठव्या टोकाची तार

दवाखान्याच्या प्रयोगशाळेतली जुनी तार काढून नवी टाकायची, एवढंच वायरमनचं काम. दुपारपर्यंत हातावेगळं होईल अशा हिशेबानं तो आला होता. सात कॉम्प्युटर एकाच तारेवर होते, एका दोरीवर सात घरचे कपडे वाळत घालावेत तसे.

"कोणी काही धाडलं की ते तारभर फिरतं," तो तिथल्या रक्ततपासणीच्या बाईंना समजावत होता. शिकवायची त्याला भारी हौस. "ऐकू सगळ्यांना जातं, पण ज्याच्या नावाचं तोच घेतो. आणि दोन्ही टोकांना टोपी हवीच. उरलंसुरलं ती गिळते. नाहीतर ते माघारी फिरतं, नव्याला धडकतं, आणि एकाचं नाही, सगळ्यांचंच बंद पडतं."

"आणि ज्याच्या नावाचं, तोच नसेल तर?"

"मग गेलं टोपीत. संपलं."

बाईंनी मान हलवली. "रेकॉर्डच्या खोलीत आठवा कॉम्प्युटर होता. त्यावर आमचे हे बसायचे. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. मी अजून रोज निघताना त्यांच्या नावानं धाडते, 'निघतेय' म्हणून... पोचतं हो ते."

वायरमनला कीव आली. तारेचं टोक शोधत तो रेकॉर्डच्या खोलीत गेला.

कुबट कागदांचा वास. आठवा कॉम्प्युटर केव्हाच कुणी उचलून नेला होता. तारेचं टोक टेबलावर उघडंच पडलं होतं, टोपीशिवाय. तो चक्रावला. म्हणजे गेली कित्येक वर्षं इथलं काहीच चालायला नको होतं! सवयीनं त्यानं खिशातली टोपी काढून बसवली.

"बंद पडलं!" बाहेरून ओरडा झाला.

त्यानं टोपी काढली.

"आलं, आलं!"

पुन्हा बसवली. बंद. काढली. चालू. आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते टोक टेबलावरून वीतभर वर उचललं गेलं, तसंच राहिलं... कोणी मुठीत धरावं तसं.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं होतं.

"इतकी वर्षं टोपीच्या जागी हे धरून बसले..." त्या टोकाकडे पाहत म्हणाल्या. "हात भरून आला असेल हो... भाऊ, काढा ती तार."

"ताई, मग तुमचा निरोप?"

"माझ्या एका शब्दासाठी त्यांना असं ताटकळत ठेवू?" बाई ढसाढसा रडल्या. मग पुढे होऊन, घरात बोलावं तशा बोलल्या, "सोडा आता. सोडा म्हणते ना."

टोक खाली पडलं. वायरमननं पक्कड चालवली.

तार गुंडाळून होईस्तोवर बाई निघाल्याही. आज लवकर. डोळे सुजलेले, पण चेहरा निवांत. वायरमनला बरं वाटलं. चांगलं काम झालं हातून, असं त्याच्या मनात आलं.

मग त्याचं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. चालताना तो हात जरासा मागे राहिला होता. बोटं मोकळीच होती, तरी पांढरीफटक पडली होती, कोणीतरी घट्ट आवळून धरावीत तशी.