खाली तोंड केलेला स्क्रू

"गप्प! कुणी श्वाससुद्धा घेऊ नका!" टिकलीने फर्मान सोडलं.

"श्वास नाही घेतला तर मरू की आम्ही!" भोंगा ओरडला. टिकलीचा हा नऊ वर्षांचा धाकटा भाऊ कुजबुजला तरी शेजारची मांजर दचकायची. त्याचं नाव भोंगा पडलं ते काही उगीच नाही!

शेडमध्ये आजोबांची जुनी गाडी धापा टाकत उभी होती. घरात सगळे तिला 'बाई' म्हणत, कारण ती टिकलीच्या बाबांपेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. पण गेले आठ दिवस बाईंचं काही खरं नव्हतं. इंजिनाचे तीन ठोके बरे पडायचे, चौथ्याला ते लंगडायचं, आणि मडगार्डवर ठेवलेला पाना खडखडत पुढे सरकायचा.

"आजोबा, जरा रेस द्या ना!"

आजोबांनी ॲक्सिलरेटर दाबला. काय आश्चर्य! लंगडणं थांबलं. पाय काढला, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या!

"नोंद घेतली," प्रोफेसर म्हणाला. हा त्यांचा आतेभाऊ, सुट्टीसाठी आलेला. चष्मा कपाळावर ठेवून तोच घरभर शोधायचा, पण वही मात्र कधी विसरायचा नाही.

"कशाला नोंदी करताय पोरांनो?" आजोबांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "उद्या दहा वाजता जुन्या गाड्या घेणारे न्यायला येतायत तिला. काका म्हणालाय ना, पिस्टन झिजले, इंजिन संपलं. मीच नीट चालवली नसणार. मला आत कुठेतरी फुसफुस ऐकू यायची, पण तो म्हणाला, 'अण्णा, तुमचे कान वाजतायत.' वाजत असतील."

तीस वर्षं रुग्णवाहिका चालवलेले आजोबा! रस्त्यावरून कुठली गाडी गेली, हे स्वयंपाकघरात बसून सांगणारे! पण आठ दिवसांत ते पार खचले होते. दाराची घंटी वाजली तरी उठायच्या आधी विचारायचे, "खरंच वाजली का गं?" टिकलीला ते बघवत नव्हतं. बाईंमधून तळ्यावर जायची ठरलेली सहल बुडाल्याचं दुःख होतंच, पण त्याहून हे मोठं होतं. बाई गेल्या असत्या, आणि आपले कान गेले असं धरून आजोबा उरलेलं आयुष्य तसेच बसून राहिले असते.

ते घरात गेले. तिघांनी इंजिन निवायची वाट पाहिली आणि टिकलीने वेणी वर बांधून एकेक प्लग बाहेर काढला. हे सगळं तिला काकानेच शिकवलं होतं. काकाचं स्वतःचं गॅरेज होतं. दहाव्या वाढदिवसाला त्याने तिला लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर दिला होता आणि म्हणाला होता, "टिकले, इंजिन कधी खोटं बोलत नाही. फक्त नीट ऐकायला शीक." काका म्हणजे तिचा जगातला सगळ्यात लाडका माणूस!

"पिस्टन झिजले असते तर प्लग तेलकट निघाले असते," ती म्हणाली. "बघ, एक, दोन आणि चार बिस्किटाच्या रंगाचे. म्हणजे ठणठणीत!"

"आणि तीन नंबर?" प्रोफेसरने चष्मा नाकावर आणला.

"पांढराफटक!"

"भूत बघितलं असेल त्याने!" भोंगा म्हणाला.

"हवा, भोंग्या, हवा! इंजिनाला हवा आणि पेट्रोल बेताने मिसळून लागतं. तिसऱ्या सिलिंडरला फुकटची हवा मिळतेय. रेस दिली की एवढ्याशा हवेचं काही वाटत नाही, पण गाडी नुसती उभी असली की मिसिंग करते, ठोका चुकवते. म्हणजे कुठेतरी भोक आहे, आणि भोक असेल तर..."

"फुसफुस!" दोघे एकदमच ओरडले.

आजोबांचे कान खरे होते! पण मग काकाला हे कसं कळलं नाही? टिकली स्वतःशीच म्हणाली, असेल, कामाच्या घाईत राहून गेलं असेल.

प्लग परत बसवले. 'शेवटचं एकदा' म्हणून आजोबांना गळ घातली. ते बिचारे येऊन स्टिअरिंगवर बसले. टिकलीने इस्त्रीच्या कपड्यांवर मारायचा पाण्याचा फवारा घेतला आणि पंख्यापासून हात लांब ठेवून एकेका नळीवर थोडं थोडं पाणी मारत गेली. पहिल्या नळीला काही नाही. दुसरीलाही काही नाही. हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या मागे, तिसऱ्या सिलिंडरपाशी, बोटाएवढी जाड रबरी नळी होती. तिच्यावर पाणी पडलं मात्र, फुसफुशीची गुळगुळ झाली आणि क्षणभर इंजिन चक्क सुरळीत चाललं!

आजोबा पुन्हा घरात गेल्यावर टिकलीने आईचा हातातला आरसा त्या नळीखाली धरला. खालच्या बाजूला चीर होती. जुनं रबर फुटलं की वेडंवाकडं फुटतं, कडा भुरभुरतात. ही चीर मात्र सरळ आणि स्वच्छ होती. ब्लेडने दिलेली!

"गुन्हेगार!" भोंगा किंचाळला. "कुणी केलं?"

टिकली अजून आरशातच बघत होती. तिला आरशात आणखी एक गोष्ट दिसली होती. नळी आवळणाऱ्या क्लिपचा स्क्रू खाली तोंड करून होता. बाकी सगळ्या क्लिपांचे स्क्रू वर होते, कारण आजोबा ते वरच ठेवत, हात पोचायला सोपं म्हणून. खाली तोंड करून स्क्रू ठेवणारा माणूस तिला एकच माहीत होता. 'म्हणजे पुसताना हात खरचटत नाही. ही आपली दोघांची युक्ती हं, टिकले!'

तिने आरसा खाली ठेवला.

"काका असं करणार नाही," ती म्हणाली. मग रडू आवरत म्हणाली, "नाही ना रे करणार?"

प्रोफेसरने वही मिटली. त्याने आजवर न लिहिता वही मिटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "विचारलं तर तो म्हणेल, रबर जुनं झालं. त्यापेक्षा कुणाला न सांगता नळी बांधून ठेवू आणि उद्या तो काय करतो ते बघूया."

सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्यांनी चिरेभोवती घट्ट गुंडाळली. स्क्रूला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला काका आला. सोबत जुन्या गाड्या घेणारा माणूस होता, पोट पुढे आणि छत्री मागे. बाबाही ऑफिसला न जाता थांबले होते. आजोबा पायरीवर बसले होते, बाईंकडे पाठ करून.

"काय सैन्य, तोंडं का पाडलीत?" काकाने टिकलीची वेणी ओढली. तिने ती सोडवून घेतली.

"चालू करून दाखवतो," तो त्या माणसाला म्हणाला. "उभ्या उभ्या कशी थडथडते बघा."

किल्ली फिरली. आणि बाई गुणगुणायला लागल्या! पाना जागचा हलेना. आजोबांनी झटकन मान वळवली.

काका गोंधळून खाली उतरला आणि बॉनेटपाशी आला. टिकली मुठी आवळून मनात म्हणत होती, प्लगकडे जा काका, प्लगकडे जा, कुठेही जा! पण काकाचा हात थेट कार्ब्युरेटरच्या मागे, नळीच्या खालच्या बाजूला गेला आणि ट्यूबच्या पट्टीवर थांबला.

"इंजिनात शंभर जागा आहेत," टिकली म्हणाली. "तुमचा हात बरोबर तिथेच कसा गेला?"

आजवर काकाला ती 'अरे-तुरे' करायची. 'तुमचा' ऐकून काकाचा चेहराच उतरला. त्याने इंजिन बंद केलं.

"नळी ब्लेडने कापलीय, आजोबा!" भोंग्याचा आवाज गल्लीभर गेला. "तुमची फुसफुस खरी होती!"

"कापलीस?" आजोबा उठून उभे राहिले.

"अण्णा, मागच्या महिन्यात तुम्ही फाटकाला गाडी घासलीत. दोन वीत अलीकडे भोंगा खेळत होता. माझी झोप उडाली. गाडी सोडा म्हटलं असतं तर ऐकलं नसतंत. म्हणून आम्ही ठरवलं..." त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा स्वतःच्या चपलांकडे पाहत होते.

"बाबा, तुम्हीपण?" टिकलीला आता रडू आवरलं नाही. "आणि काका, तुम्ही! इंजिन खोटं बोलत नाही म्हणायचात. त्यालाच खोटं बोलायला लावलंत! आजोबांचे कान चांगले असताना वाजतायत म्हणालात!"

 आजोबा सावकाश बोलले. "मला तोंडावर सांगायचं होतंस. मी भांडलो असतो, दोन दिवस रुसलो असतो. पण आठ दिवस मी स्वतःच्या कानांना घाबरून जगलो, ते तरी टळलं असतं."

काकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलो अण्णा," तो म्हणाला.

गाड्या घेणारा माणूस खाकरला. "मी निघतो. मला फसवणं सोपं नाही, पण या पोरांना फसवणं त्याहून अवघड दिसतंय! शाब्बास!"

आजोबांनी तिघांना जवळ घेतलं. "तीस वर्षांत असं निदान पाहिलं नाही. टिकले, तुझा कान माझ्यावर गेलाय. प्रोफेसर, डोकं शाबूत ठेवलंस. आणि भोंग्या, अख्ख्या गल्लीला कळवलंस, तेही बरंच केलंस!" मग ते काकाकडे वळले. "फाटकाचं म्हणशील तर ते खरं आहे. उद्या मी डोळे तपासून घेतो. डॉक्टर नाही म्हणाले तर किल्ली मी स्वतः देईन. पण माझ्या हाताने."

दुपारी काका नवी नळी घेऊन आला. ती त्याने टिकलीपुढे धरली. "तूच बसव. तुझ्याइतकं नीट मला जमणार नाही."

टिकलीने नळी घेतली. त्याच्याकडे न बघता लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला. काका श्वास रोखून पाहत उभा होता.

क्लिप चढवून तिने स्क्रू वर तोंड करून ठेवला, आजोबांसारखा, आणि आवळला.